पेटी आपली, मध कोणाचा?

मधमाश्या पाळणाऱ्या माणसाला आज ना उद्या एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते. पेटी त्याने केली. फळ्या त्याने आणल्या, खिळे त्याने ठोकले, मुंग्यांपासून राखणही त्यानेच केली. परंतु मध त्याने केला नाही. आणि ज्या फुलांतून तो आला ती फुलेही बहुधा त्याची नसतात. ती शेजाऱ्याच्या कुंपणावरची, रस्त्याकडेच्या करंजाची, नाहीतर दूरच्या शेतातील मोहरीची असतात. मग पेटीचे झाकण काढून तो जे घेतो ते कोणत्या अधिकाराने घेतो? ती त्याची मजुरी म्हणावी, घराचे भाडे म्हणावे, मिळालेली देणगी म्हणावी, की सभ्य शब्दांत झाकलेली चोरी म्हणावी?

कोणी म्हणेल, माणूस माणसाला लुबाडीत असता माशीच्या मधाची चौकशी कशाला? परंतु शब्बाथशाळेत शिकविणाऱ्यांना ठाऊक आहे की मुले नेमका असाच प्रश्न विचारतात, आणि "देवाने सर्व काही माणसासाठी केले आहे" एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही. ते होऊही नये. "माणसासाठी" असे एकदा म्हटले की "किती" आणि "कोणत्या रीतीने" हे प्रश्न त्यामागून आलेच पाहिजेत. ज्याच्याजवळ तक्रार करण्यास वाचा नाही अशा जीवाशी आपण कसे वागतो, यावरून मोलकरणीशी, भाडेकरूशी व हाताखालच्या कामगाराशी आपण कसे वागू याचा पुष्कळसा अंदाज येतो. म्हणून हा लहान प्रश्न या लेखापुरता गंभीरपणे घेऊ.

अंगणातील पेटी

भोपाळचा बरखेडा भाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना तेथील वसाहत डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. १९६० च्या सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्याबरोबर बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा येथे कामगारांची घरे उभी राहिली. देशाच्या नाना भागांतून लोक येथे आले, तशी मराठी कुटुंबेही आली. जुन्या क्वार्टरांच्या मागे-पुढे थोडी मोकळी जागा असते. तेथे शेवगा, लिंबू, पेरू, कढीपत्ता लावलेला असतो, आणि रस्त्यावर कडुनिंब, करंज व जांभूळ असतात. अशा ठिकाणी एखाद्या निवृत्त फिटरने मधमाश्यांची एक पेटी ठेवली आणि ती रुजली, की दुसरी व तिसरी पेटी घरीच करावी असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे. हातात कसब असते, करवत व रंधा घरात असतो, आणि चार फळ्यांसाठी दुकानदाराला पैसे मोजणे जिवावर येते.

प्रथम हे सांगितले पाहिजे की प्रत्येक माशी पेटीत राहत नाही. उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीखाली मोठे एकच पोळे बांधणारी आग्या माशी उघड्यावरच राहणार. झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी माशीही तशीच. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात अनेक समांतर पोळी बांधणारी आपली सातेरी माशी मात्र पेटीत राहू शकते. १९६० नंतरच्या वर्षांत नगरोटा बगवाँ येथे परदेशी मेलिफेरा माशी यशस्वीपणे आणली गेली व ती उत्तरेकडे पसरली; तीही पेटीत राहते. म्हणजे पेटीची कल्पना माशीच्याच स्वभावातून आली आहे. आपण तिला नवीन काही शिकविलेले नाही. ती ढोली शोधीत होती, आपण लाकडाची ढोली करून दिली, इतकेच.

एका पाळकाचा शोध

ही लाकडी ढोली उघडता येईल अशी करणे मात्र सोपे नव्हते. सुमारे दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत युरोपात गवताच्या वेणीच्या टोपल्यांत माश्या ठेवीत. पोळी टोपलीलाच चिकटलेली असत. शरद ऋतूत मध काढावयाचा म्हणजे बहुधा गंधकाच्या धुरीवर टोपली धरून सबंध मोहोळ मारून टाकावे लागे. आपल्याकडेही आग्या माशीला मशालीने जाळून, पिलांसकट पोळे पिळून मध गाळण्याची रीत कित्येक ठिकाणी चालत आली आहे. म्हणजे ज्यांनी मध केला त्यांच्या मरणाखेरीज मध मिळत नसे. आपले जैन शेजारी मध वर्ज्य मानतात, ते अशा मधाच्या बाबतीत पूर्णपणे खरे बोलत आहेत हे आपण मान्य केले पाहिजे.

ही स्थिती ज्याने पालटली तो मनुष्य एक पाळक होता, हे आपल्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. लोरेन्झो लँगस्ट्रॉथ याचा जन्म १८१० साली फिलाडेल्फिया येथे झाला. येल येथे शिक्षण घेऊन तो अँडोव्हर येथील काँग्रिगेशनल मंडळीचा पाळक झाला. त्यास खिन्नतेचा आजार होता. महिनेच्या महिने त्याचे मन काळवंडून जाई, व त्यामुळे सेवा सोडून द्यावी लागे. माश्यांच्या सहवासात त्यास विसावा मिळे. १८५१ साली त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. चौकटी व पेटीची भिंत यांच्यामध्ये, तसेच चौकटी व झाकण यांच्यामध्ये सुमारे पाव ते तीन-अष्टमांश इंच जागा मोकळी सोडली, तर माश्या ती जागा भरीत नाहीत. जागा याहून कमी असेल तर त्या ती राळेने बुजवितात, अधिक असेल तर तेथे पोळे बांधतात. परंतु ठराविक जागा मात्र त्या येण्याजाण्याचा रस्ता म्हणून उघडी ठेवतात.

या मोकळ्या जागेमुळे चौकटी सुट्या उचलता येऊ लागल्या. पोळे न तोडता पाहता येऊ लागले, आणि मोहोळ न मारता मध घेता येऊ लागला. पुढे यंत्रात चौकटी फिरवून मध बाहेर काढण्याची सोय झाली, तेव्हा रिकामे पोळे माश्यांना जसेच्या तसे परत देता येऊ लागले. एक किलो मेण करण्यासाठी माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो असे सांगतात, तेव्हा पोळे वाचविणे ही लहान दया नव्हे. १८५२ साली लँगस्ट्रॉथला पेटीचे पेटंट मिळाले, परंतु लोकांनी त्याची नक्कल सर्रास केली व त्यास त्यातून धन मिळाले नाही. १८९५ साली, ८४ वर्षांचा असताना, डेटन येथे व्यासपीठावरून उपदेशास आरंभ करीत असतानाच त्याचा अंत झाला.

या शोधात आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग आहे. हत्येखेरीज मध मिळणे शक्य झाले ते काही नवे हत्यार सापडले म्हणून नव्हे. पेटी करणाऱ्याने काही जागा सोडावयास शिकले, म्हणून ते शक्य झाले.

माप कोणाचे?

घरी पेटी करणाऱ्याची परीक्षा येथेच होते. त्याच्यापाशी जी फळी असते ती आठ इंच रुंद असते, म्हणून तो आठ इंचांची पेटी करतो. किंवा एखाद्या अमेरिकन पुस्तकातील माप पाहून मोठी पेटी करतो, आणि तिच्यात लहानखुरी सातेरी आणून सोडतो. एवढ्या मोठ्या पोकळीत तिला ऊब राखता येत नाही, सर्व पोळ्यांवर पहारा ठेवता येत नाही, आणि उघड्या पडलेल्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. सातेरीसाठी लहान पेटी हवी हे ओळखून १९१० नंतरच्या वर्षांत दक्षिण भारतात फादर न्यूटन या धर्मगुरूने एक लहान पेटी तयार केली. तिला आजही न्यूटन पेटी म्हणतात. पुढे भारतीय मानक संस्थेने सातेरीसाठी ए व बी असे दोन नमुने ठरवून दिले, ए लहान व बी त्याहून मोठा. सातेरीच्या पेटीत ही मोकळी जागा सुमारे सात ते नऊ मिलिमीटर ठेवतात. दोन शेजारच्या पोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर सातेरीत सुमारे ३१-३२ मिलिमीटर, तर मेलिफेरा माशीत ३५ च्या आसपास असते. हे तीन-चार मिलिमीटर सुताराला क्षुल्लक वाटतात. माशीच्या दृष्टीने ते घर आणि अडगळ यांमधील अंतर आहे.

लाकडाचेही तसेच. उग्र वासाचे लाकूड चालत नाही. जुन्या खोक्यांच्या फळ्या घेताना त्यांच्यावरील शिक्का वाचावा. 'एचटी' म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेले असते. 'एमबी' असा शिक्का असेल तर त्यास मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, व अशी फळी पेटीसाठी वापरू नये. आतून रंग देऊ नये, बाहेरून द्यावा. भोपाळच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, म्हणून दुपारची सावली हवी. जवळ उथळ पाणी हवे, व माश्यांना बुडू न देता टेकता यावे म्हणून त्यात खडे हवेत. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

या सर्व सूचना सुतारकामाच्या आहेत, परंतु त्यांत एक नैतिक नियम दडलेला आहे. दुसऱ्यासाठी जे करावयाचे ते त्याच्या मापाने करावे. आपण पुष्कळदा दान देतो ते आपल्यापाशी जे उरले असेल त्याच्या मापाने. जुना कोट अंगाला होत नाही म्हणून तो गरिबाला देतो, आणि त्याच्या अंगाला तो होतो की नाही हे पाहत नाही. पाहुण्याला आपल्या आवडीचे वाढतो. मंडळीत तरुणांसाठी कार्यक्रम आखतो तो आपण तरुण असतानाच्या मापाने. माणसे भिडेखातर अशा पेटीत निमूटपणे बसून राहतात. सातेरी बसत नाही. ऊन लागले, उपासमार झाली, मुंग्यांनी छळले की ती एके दिवशी सारे मोहोळ घेऊन निघून जाते. तिच्या गळ्यात दावे नाही. म्हणून तिचे राहणे हीच आपल्या कामाची पावती होय.

राणीचे दार

येथे एक अडचणीचा प्रश्न येतो. माश्या जाऊ नयेत म्हणून पेटीच्या तोंडाशी बारीक फट असलेली पत्र्याची पट्टी लावतात. कामकरी माश्या फटीतून येजा करतात, परंतु अंगाने मोठी असलेली राणी बाहेर पडू शकत नाही. आणि राणी नाही म्हणून मोहोळ जात नाही. नवे मोहोळ पेटीत बसविल्यावर चार-आठ दिवस अशी पट्टी लावली, तर पोळी बांधून होईपर्यंत त्यांस स्थैर्य मिळते. परंतु कोणी ती कायमचीच लावून ठेवतात, कोणी राणीचे पंखही कातरतात. यांत फरक तो कोणता?

माझ्या मते फरक हेतूत आणि मुदतीत आहे. पहिल्या पट्टीचा हेतू त्यांचे घर बसावे हा आहे, व ती काढून टाकण्यासाठीच लावलेली असते. दुसरीचा हेतू आपली चूक झाकणे हा आहे. पेटी तापते, अन्न नाही, मुंग्या लागल्या आहेत, आणि या गोष्टी सुधारण्याऐवजी आपण दार बंद करतो. आईबाप लहान मुलाचा हात धरतात आणि काही आईबाप मोठ्या मुलाचाही सोडीत नाहीत, हा भेद आपण जाणतोच. ज्या घरातून जाता येत नाही तेथे राहणाऱ्याचे राहणे हे घर चांगले असल्याचा पुरावा होत नाही.

घरटे आणि कठडा

पवित्र शास्त्रात मधमाशीपालनाचे नियम नाहीत. परंतु अनुवादाच्या २२ व्या अध्यायात दोन लहान आज्ञा एकापाठोपाठ एक आल्या आहेत, त्या या विषयाला फार जवळच्या आहेत. पहिली पक्ष्याच्या घरट्याविषयी आहे. वाटेत घरटे सापडले तर माणसाने पिले घ्यावीत, परंतु त्यांबरोबर आईला धरू नये. घेण्यास बंदी नाही. परंतु ज्यातून पुढे जीवन चालावयाचे आहे त्याला हात लावावयाचा नाही. दुसरी आज्ञा नवे घर बांधणाऱ्यास आहे. त्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून त्या घरावर रक्ताचा दोष येणार नाही.

पहिल्या आज्ञेचा अर्थ पेटीच्या भाषेत अगदी सरळ आहे. पेटीचा खालचा कप्पा पिलांचा व त्यांच्या शिधोरीचा, वरचा मधाचा. खालच्या कप्प्याला हात लावावयाचा नाही. वरच्यातूनही ऋतू पाहून घ्यावयाचे. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध मिळतो. तेवढ्यावर समाधान न मानता ज्याने पावसाळ्याच्या तोंडी शेवटची चौकटही रिकामी केली, त्याने आईला घरट्यातून धरले असे म्हणावे लागेल. शेताच्या कडा गरिबांसाठी न कापता सोडण्याची लेवीय पुस्तकातील आज्ञा हाच विचार सांगते, व नीतिसूत्रांतही मधाच्या बाबतीत पोटाला मर्यादा घालावी असा सल्ला आहे.

दुसरी आज्ञा शेजाऱ्यासाठी आहे. अंगणातल्या पेटीच्या माश्या अंगणात राहत नाहीत. शेजारच्या घरी तान्हे मूल असेल, एखाद्यास माशीच्या डंखाने श्वास कोंडण्याची व्याधी असेल, तर आपल्या छंदाची किंमत त्याने का द्यावी? पेटीचे तोंड रस्त्याकडे किंवा त्याच्या दाराकडे ठेवू नये. समोर उंच कुंपण किंवा जाळी असावी, म्हणजे माश्या माणसाच्या डोक्यावरून उंच उडतात. पाणी आपल्याच अंगणात असावे, म्हणजे त्या शेजाऱ्याच्या नळावर जमत नाहीत. पेटी ठेवण्यापूर्वी त्यास विचारावे, आणि मध निघाला की पहिली बाटली त्याच्या घरी न्यावी. तो त्याचा हक्कच आहे, कारण फुले त्याच्या कुंपणावरचीही होती.

वाढीचा मोह

एका पेटीच्या चार होतात तेव्हा माणसास आनंद होतो. चारांच्या दहा कराव्यात असे वाटू लागते. भरभराटलेले मोहोळ विभागून दोन करता येतात, नवी पेटी घरीच होते, मग थांबावे कोठे?

थांबावयाचे ठिकाण आपल्या अंगणाच्या रुंदीने ठरत नाही, फुलांनी ठरते. सातेरी साधारणपणे एक-दीड किलोमीटरच्या आत चरते. तेवढ्या परिघात हिवाळ्यात मोहरी व शेवगा, मग जांभूळ व कडुनिंब, पुढे करंज फुलतो. परंतु भर पावसात व कडक उन्हात फुलांची टंचाई असते. भरल्या महिन्यांत दहा पेट्या सहज पोसल्या जातात, आणि टंचाईच्या महिन्यांत त्याच दहा पेट्या एकमेकींचा मध लुटू लागतात. त्या परिघात आपल्याखेरीज आणखी कोणी आहे हेही विसरता कामा नये. पाण्याच्या टाकीखालची आग्या, झुडपातली फुलोरी, भिंतीच्या भोकातली डंख नसलेली इवली माशी, फुलपाखरे, भुंगे यांची पेटी नाही, त्यांना टंचाईत साखर देणारा मालक नाही. आपल्या पेट्या वाढवीत नेणे म्हणजे त्यांच्या ताटातले काढणे होऊ शकते.

वाढीला आणखी एक धोका आहे. मोहोळे एकमेकांजवळ दाटली आणि मनुष्य त्यांची ने-आण करू लागला की रोग वेगाने पसरतात. १९९१-९२ साली थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतातील पेट्यांतल्या सातेरीची बहुतेक मोहोळे नष्ट केली. हजारो कुटुंबांचा जोडधंदा बुडाला. म्हणून नवी पेटी करण्यापूर्वी जुन्या पेट्यांची नीट पाहणी होते का, प्रत्येक मोहोळाची अवस्था आपणास ठाऊक आहे का, हे विचारावे. आपल्या मेंढरांना नावाने हाक मारणारा मेंढपाळ आपणास प्रभूने दाखविला आहे. कळप इतका वाढावा की एकही मेंढरू ओळखू येऊ नये, अशी वाढ त्या दृष्टांतात बसत नाही.

वाढीचा दुसरा मार्गही आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरच्या डोंगरांत सातेरीपालन फार वर्षांपासून चालत आले आहे. तेथील जांभळाचा किंचित कडसर मध, तसेच सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीचा मध प्रसिद्ध आहे. पुण्यास १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. अशा ठिकाणी वाढ झाली ती एकाच अंगणात पेट्यांची रास लावून झाली नाही. घरोघरी थोड्या पेट्या, आणि सभोवती राखलेले जंगल, अशी ती आहे. बरखेड्यात ज्याच्यापाशी चार पेट्या आहेत त्याने पाचवी आपल्या अंगणात न ठेवता दुसऱ्या टोकाच्या एखाद्या विधवेच्या किंवा बेकार तरुणाच्या अंगणात ठेवली, आणि पेटीची फळी कशी कापावी ते त्यास शिकविले, तर वाढही होईल व दाटीही टळेल. आणि सहाव्या पेटीऐवजी एक जांभळाचे झाड लावले तर ते अधिकच बरे.

साखर आणि सत्य

पावसाळ्याच्या टंचाईत माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. भुकेलेल्यास अन्न देणे हे योग्यच आहे. परंतु तोच पाक दोन अन्य कामांसाठीही वापरला जातो. त्यांचा सर्व मध काढून घ्यावयाचा आणि बदल्यात स्वस्त साखर द्यावयाची, हा एक वापर. हंगामात पाक पाजून पेटीत साठलेला तो पदार्थ मध म्हणून विकावयाचा, हा दुसरा. तीनही ठिकाणी साखर तीच, वाटी तीच; कृत्य मात्र एकच नाही. पहिले पालन, दुसरे शोषण, तिसरे खोटी साक्ष. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने बाजारातील १३ नावांचे मध तपासून घेतले, तेव्हा त्यांतील केवळ तीनच सर्व चाचण्यांत उतरले. घरगुती मध घेणारा गिऱ्हाईक आपल्या शब्दावरच विश्वास ठेवून घेतो, हे पाळणाऱ्याने विसरू नये.

शमशोनाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. मेलेल्या सिंहाच्या धडात त्यास मध सापडला, तो त्याने स्वतः खाल्ला, आईबापांनाही दिला; परंतु कोठून आणला ते त्यांना सांगितले नाही. त्याच्या पुढील आयुष्यातील लपवाछपवीचा तो आरंभ होता. मध कोठून आला हे उघडपणे सांगता येत नसेल, तर तो गोड असूनही देण्यायोग्य नाही.

कुमारप्पांची कसोटी

या विषयावर खोल विचार केलेला एक भारतीय ख्रिस्ती मनुष्य आपल्या वाचकांनी आठवावा. जे. सी. कुमारप्पा यांचा जन्म १८९२ साली तंजावर येथील ख्रिस्ती कुटुंबात झाला. ते हिशेबतपासनीस होते, पुढे गांधीजींच्या कार्यात आले, आणि वर्धा येथे १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी पाहिले. ग्रामोद्योगांत मधमाशीपालनही होते. १९४२ च्या चळवळीनंतर ते जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिले. येशूच्या शिकवणीवरील त्यांचे पुस्तकही त्याच तुरुंगात लिहिले गेले.

पहिल्या पुस्तकात त्यांनी सृष्टीतील घेण्यादेण्याच्या पायऱ्या लावल्या आहेत. ज्याच्यावर जगतो त्याचा जीव घेणारा, ही सर्वांत खालची. काहीही न देता घेऊन जाणारा, जसे बागेत शिरलेले वानर, ही त्याच्या वरची. त्याच्याही वर आपल्या श्रमाने मिळविणारा. त्याच्या वर मधमाशीप्रमाणे सर्वांसाठी मिळून मिळविणारा. आणि सर्वांत वर, मोबदल्याची अपेक्षा न करता सेवा करणारी आई.

ही शिडी पेटीपाशी उभी करून पाहावी. पोळे जाळून मध काढणारा सर्वांत खालच्या पायरीवर आहे. पेटी ठेवून सारे काही घेणारा वानराच्या पायरीवर आहे. पेटी त्याने स्वतः केली या गोष्टीने त्याची पायरी बदलत नाही. मापाची पेटी, सावली, पाणी, राखण ही ज्याने दिली आणि त्यांच्या गरजेवरचे तेवढे घेतले, तो श्रमाच्या पायरीवर उभा आहे, आणि त्याचे घेणे चोरी नव्हे. त्याने मध वाटला, पेटी करणे दुसऱ्यास शिकविले, झाडे लावली, तर तो माशीच्या पायरीवर आला. गंमत अशी की माशीला माणसाच्या पातळीवर आणण्याचा हा प्रश्न नाही. माणसाला तिच्या पातळीपर्यंत चढावयाचे आहे.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कितीही काळजी घेतली तरी चौकट खाली ठेवताना एखादी माशी चिरडतेच. पेटीमुळे हिंसा पुष्कळ घटली, पूर्णपणे गेली नाही. म्हणून जो मनुष्य या कारणाने मध खात नाही त्याच्यापुढे आपल्या पेटीची बढाई मारू नये. त्याने आपली मर्यादा एका ठिकाणी ठेवली आहे, आपण दुसऱ्या ठिकाणी. दोघांनीही मर्यादा ठेवली आहे, हे महत्त्वाचे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. पेटी आपली आहे, यात संशय नाही. मध माश्यांचा आहे, यातही नाही. आपला असतो तो वाटा; आणि तो किती हे आपण काय सोडले यावरून ठरते. चौकटीभोवती जागा सोडली का? पावसाळ्यापुरता मध सोडला का? दार उघडे सोडले का? रानमाश्यांसाठी फुले सोडली का? शेजाऱ्याची वाट मोकळी सोडली का? ज्याने एवढे सोडले त्याने उरलेला मध आभार मानून खावा, व मनात टोचणी ठेवू नये.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी या विषयावर एखादा तास घ्यावा. फळ्यावर पेटीची आकृती काढावी, दोन रेघांमधील मोकळी जागा दाखवावी आणि मुलांनाच विचारावे: ही जागा भरून टाकली तर काय होईल? मग त्यांना आपल्या घरातली, वर्गातली, खेळातली अशी एकेक जागा शोधावयास सांगावे, जेथे दुसऱ्यासाठी थोडे सोडले म्हणून सर्वांचे चालते. आठ-दहा वर्षांच्या मुलांना ही उदाहरणे भराभर सुचतील. प्रौढांच्या वर्गात तोच प्रश्न घेतला तर थोडा अधिक वेळ लागेल, म्हणून त्यांच्यासाठी दोन तास राखून ठेवावेत.